त्या रिळांचे काय झाले?

१२ मे १८७५. सुप्याचा आठवडी बाजार. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, कर्जरोखे बाहेर ओढले आणि भर रस्त्यात त्यांची होळी पेटवली. आज बारामती तालुक्यात असलेले सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. ठिणगी तिथे पडली आणि वणवा इंदापूर, शिरूर, पुरंदरपर्यंत गेला. इंग्रजांनी धरपकड केली, खटले भरले, चौकशी आयोगही नेमला. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करणे त्यांना भाग पडले.

या घटनेला ५० वर्षे होत असताना, १९२५ साली, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. पडद्यावर देव, राक्षस आणि राजेमहाराजे यांचीच गर्दी असायची, त्या काळातली ही गोष्ट. पेंटरांनी तिथे कर्जात बुडालेला शेतकरी उभा केला. त्याची जमीन सावकार गिळतो आणि त्याला पोटासाठी शहरात मजुरीला जावे लागते. तो तरुण शेतकरी झाला होता शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. सुप्याच्या शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर पहिल्यांदा दिसले ते इथे. हा चित्रपट आज कुठे आहे? कुठेही नाही. तो हरवला. अकरा वर्षांनी पेंटरांनी तोच विषय बोलपटात पुन्हा मांडला, पण मूळ मूकपट गेला तो गेलाच. रोखे जाळणाऱ्यांवर इंग्रजांनी खटले भरले. चित्रपट नाहीसा करणाऱ्यांवर स्वतंत्र भारतात कुणी साधी तक्रारही नोंदवली नाही.

डॉ. जब्बार पटेलांच्या 'सामना' या चित्रपटात एक फाटका मास्तर गावात येतो आणि मारुती कांबळेचे काय झाले, एवढेच विचारत सुटतो. त्या एका प्रश्नाने साखर कारखान्याच्या मालकासारखे वागणाऱ्या पुढाऱ्याची झोप उडते. पटेल आपल्या शेजारचे. दौंडला दवाखाना चालवता चालवता त्यांनी नाटक-सिनेमा केला. त्यांचा तो मास्तर आज असता तर त्याने पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर जाऊन, मुंबईला वरळीच्या दूरदर्शन केंद्रावर जाऊन आणि शेवटी बारामती-इंदापूरच्या घराघरांत शिरून हाच प्रश्न विचारला असता. रिळांचे काय झाले? तो नाही, म्हणून आम्ही विचारतो.

जुने झाले, काळाच्या ओघात गेले, असे उत्तर लगेच मिळते. हे उत्तर धादांत खोटे आहे. काळ रिळे पळवत नाही. रिळे माणसे विकतात, माणसे फेकतात, माणसेच पुसतात. कृष्णधवल फिल्मवरचे चित्र म्हणजे चांदीचे बारीक कण. चित्रपट चालून चालून जुना झाला की मालक ती रिळे भंगारवाल्याला विकत. तो ती धुऊन चांदी काढी आणि उरलेली पट्टी बांगड्या करणाऱ्यांकडे जाई. मालकांची चांदी झाली ती अशी, अक्षरशः. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभारणारे पी. के. नायर त्याच्या शोधात अर्देशिर इराणींच्या घरी पोचले, तेव्हा घरातल्यांनीच चांदीसाठी रिळे विकल्याचे त्यांना सांगितले. या देशात सुमारे १,३०० मूकपट झाले. त्यांतले आज तिसाच्या आत उरले आहेत आणि त्यांतही काहींचे नुसते तुकडे. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चीही पुरती प्रत आपल्यापाशी नाही. ज्या दादासाहेबांच्या नावाने दरवर्षी पुरस्कार वाटतो, त्यांचे पहिले काम आपण सांभाळू शकलो नाही. पुरस्कार देताना कुणाचा हात थरथरत कसा नाही?

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघते. सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम आणि रिंगणे करत ती पंढरीला जाते, पुंडलिकाच्या गावाला. त्याच पुंडलिकावरचा दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला होता. फाळक्यांच्याही आधी, जवळजवळ एक वर्ष. तोही गेला. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरली असे आपण श्रद्धेने सांगतो. पुंडलिकाची रिळे तरली नाहीत, आणि त्याचे वाईट वाटलेला एकही पुढारी पालखीच्या स्वागताच्या फलकांवर आम्हाला आजवर दिसलेला नाही.

बरे, संग्रहालय नव्हते तेव्हाची गोष्ट सोडून देऊ. १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि तेही आपल्याच पुण्यात. त्याचे नायर केरळचे. मराठी माणसाने आपल्या सिनेमाची काळजी घेण्याचे काम एका मल्याळी माणसावर सोपवले आणि स्वतः अभिमानाची भाषणे केली. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांतली दफ्तरे रद्दीत जाण्यापासून वाचवत होते. नायरांनी तेच रिळांच्या बाबतीत केले. कुठे गोदाम विकायला निघाले की ते तिथे, कुठल्या जुन्या निर्मात्याचा वारस भेटला की त्याच्या दारात. १९९१ ला ते निवृत्त झाले. पुढे काय झाले ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातला संग्रहालयाचा साठा पेटला. हे आवार म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचा जुना स्टुडिओ. तिथल्या कोठारात नायट्रेट फिल्मची हजारो रिळे होती. नायट्रेट म्हणजे स्फोटकाचीच बहीण. ती एकदा पेटली की स्वतःच ऑक्सिजन सोडते, पाण्याखालीही जळत राहते. हे आगीच्या दिवशी कळले असे नव्हे. सिनेमाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला हे १९२० सालीही ठाऊक होते. म्हणून जगभर नायट्रेट गावाबाहेर, थंड आणि कोरड्या कोठारांत, थोडे थोडे करून वेगळे ठेवतात आणि वेळेत दुसऱ्या फिल्मवर उतरवून घेतात. आपण काय केले? पेठेतल्या धान्याच्या गोदामासारखे कोंबून ठेवले. प्रभातचे मोठे धन राख झाले. त्यांतल्या काही चित्रपटांच्या नंतर काढलेल्या प्रती आहेत, हे आपले नशीब. त्यात कर्तृत्व कुणाचेच नाही.

आणि २०१७ मध्ये, आगीत उरलेल्या साठ्याचीच मोजदाद वर्तमानपत्रांतून बाहेर आली. नोंदवहीत आहेत पण कपाटात नाहीत असे डबे, आणि कपाटात आहेत पण नोंदवहीत नाहीत असेही डबे. पुढे २०१९ मध्ये समोर आलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार ३१ हजारांहून अधिक रिळे हरवली किंवा नष्ट झाली होती. नोंदीत घोळ आहे, रिळे गेलेलीच नाहीत, असे सांगणाऱ्यांना आम्ही विचारतो: नोंदीतला घोळ हा बचाव आहे की कबुली? माळेगाव कारखान्याच्या काट्यावर एका गाडीचे वजन चुकले तर शेतकरी रात्रभर गव्हाणीसमोर ठिय्या देतो. देशाच्या संग्रहालयात हजारो रिळांचा हिशेब लागत नाही आणि त्यावर कुणाची नोकरी गेली, कुणाची बढती रोखली, कुणाच्या निवृत्तिवेतनाला कात्री लागली, असे एकही उदाहरण आमच्या कानावर आलेले नाही. आणि वर पैशांच्या घोषणा. चित्रपट वारसा अभियानाला ५९७ कोटी. २०२२ च्या मे महिन्यात आणखी एक घोषणा, ३६३ कोटी रुपये खर्चून २,२०० चित्रपटांना नवे रूप देणार. त्याच वर्षी संग्रहालयच चित्रपट विकास महामंडळात विलीन. पैसा लागतो, हे खरे. पण हिशेब ठेवणारा माणूस लागतो, त्याला मात्र तरतूद नाही.

रिळांची ही गत, तर टेपांची काय सांगावी! मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला. सिंहगडावरून सहक्षेपण सुरू झाल्यावर आपल्या भागातही उंच बांबूला अँटेना बांधून लोक मुंग्यांतून चित्र शोधू लागले. चिं. वि. जोशींचा चिमणराव सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पडद्यावर आला तेव्हा दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी महाराष्ट्राला वेड लावले. त्या मालिकेचे आज मोजकेच भाग शिल्लक आहेत. बाकीचे दूरदर्शननेच पुसले. टेप परदेशातून यायची, महाग असायची, म्हणून एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा. गिरवून झालेली पाटी फडक्याने पुसावी तसे. महागाईचे कारण आम्ही समजू शकतो. पण कोणता ठेवायचा आणि कोणता पुसायचा हे ठरवणारा कोण होता, त्याने कशाच्या आधारावर ठरवले, आणि चिमणरावावर शेवटी काय चढवले, कुणाच्या उद्घाटनाचे फीत कापणे, हे लोकांना कळायला नको?

आमच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न 'आमची माती आमची माणसं'चा आहे. दूरदर्शनच्या या कार्यक्रमात अख्ख्या महाराष्ट्राचा शेतकरी आपल्या तोंडाने बोलला. उसाची लागण कशी केली, ठिबक कसे बसवले, जनावराला काय झाले होते, द्राक्षाची छाटणी कधी घेतली. पुढाऱ्यांची भाषणे छापील अहवालांत सापडतील. पण जिरायतीतून बागायतीकडे वळताना बारामती आणि इंदापूरचा शेतकरी नेमका कोणत्या बोलीत, कोणत्या शब्दांत बोलत होता, हे कुठल्याच अहवालात नाही. ते फक्त टेपेवर होते. त्यांतल्या किती टेपा शाबूत आहेत, याची यादी प्रसार भारतीने जाहीर करावी. यादी नसेल तर तसे लेखी सांगावे.

असे हरवलेले कधी कधी सापडते, आणि कुठे सापडते ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या बीबीसीनेही असेच कार्यक्रम पुसले होते. 'डॉक्टर हू' या मालिकेचे नऊ हरवलेले भाग २०१३ मध्ये बाहेर आले ते लंडनमधून नव्हे, नायजेरियातल्या जोस शहराच्या प्रक्षेपण केंद्रातून. जर्मनीच्या 'मेट्रोपोलिस'चा गहाळ भाग २००८ मध्ये मिळाला अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्समध्ये. आपल्याकडचे उदाहरण याहून लाजिरवाणे. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वर १९७६ साली युक्त या तरुणांच्या सहकारी संस्थेने चित्रपट केला. त्याची निगेटिव्ह इथे उरली नाही. प्रत मिळाली बर्लिनच्या अर्सेनाल या संस्थेकडे. त्यांनीच ती डिजिटल करून २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवली. पुण्याचा कोतवाल पुण्याने हरवला आणि जर्मनांनी जपला.

राजधानीत पुसले जाते ते शेवटच्या मुक्कामाला उरते, असे यावरून दिसते. आणि महाराष्ट्राच्या सिनेमाचा शेवटचा मुक्काम म्हणजे आपण! मुंबई-पुण्यात पहिला खेळ, मग तालुक्याची थिएटरे, आणि प्रत पुरती घासली की ती तंबूत. मोरगाव, नीरा नरसिंहपूर, गावोगावच्या जत्रा, उरूस. टुरिंग टॉकीजचा ट्रक येई. पत्र्याच्या पेटीतून रिळे उतरत. पेटी आली का, असे पोरे दहा वेळा विचारत. ऑपरेटर कार्बनच्या कांड्या जुळवून प्रकाश पाडी. पडद्याच्या या बाजूला पुरुष, त्या बाजूला बाया. फिल्म तुटली की आरडाओरडा, ती कात्रीने कापून जोडली जाई आणि कापलेला तुकडा खाली फेकला जाई. तो उचलून नेणारी पोरे आज साठी ओलांडून गेली आहेत. जत्रेत भिंगाच्या डब्यात घालून चार-चार चित्रांचे तुकडे विकायला असायचे. हौस म्हणून ते आपणच घेतले. ती चित्रे कोणत्या चित्रपटाची होती, त्याची उरलेली प्रत कुठे गेली, हे ना विकणाऱ्याने विचारले, ना घेणाऱ्याने. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमावर वर्षानुवर्षे खपून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो २०१६ मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. आपल्या जत्रेची गोष्ट फ्रान्समध्ये टाळ्या घेते. आपल्या पेट्या भंगारात जातात.

आता हे सारे सरकारवर ढकलून हात झटकणाऱ्यांकडे वळू. म्हणजे आपल्याकडे.

इंदापूर तालुक्यातल्या एका जुन्या केबलचालकाच्या माळ्यावर आम्ही अलीकडेच चढलो. नव्वदीच्या दशकात त्याने गावची वाहिनी चालवली होती. गणपती, कीर्तन सप्ताह, कारखान्याच्या गळीत हंगामाचा शुभारंभ, निवडणुकीच्या सभा, कुस्त्यांचे फड, सगळे त्याने चित्रित केले आणि रात्री आठला दाखवले. माळ्यावर खताच्या पोत्यांत व्हीएचएस कॅसेटा भरलेल्या. एक बाहेर काढली. तिच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती, ज्वारीच्या कणसावर काणी येते तशी दाट. दुसरीचे चिकटपट्टीवरचे अक्षर उडाले होते, 'सप्ताह' एवढेच वाचता आले, साल नाही. तिसरी यंत्रात घालताच किरकिरली आणि टेप बाहेर ओघळली. पत्र्याखाली एप्रिलची उष्णता, पावसाळ्यात दमट हवा. टेपवरचा चुंबकीय लेप सुटायला आणखी काय लागते? तो म्हणाला, "साहेब, दोन पोती भंगारवाल्याने नेली. ह्याला भाव नाही म्हणाला, मी फुकट दिली." भाव नाही म्हणून फुकट! त्या दोन पोत्यांत कोणत्या कीर्तनकाराचा आवाज होता, कोणता पैलवान होता, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आम्ही त्या माणसाला दोष देत नाही. त्याने निदान पंचवीस वर्षे जागा अडवून ठेवली. दोष आहे तो आपल्या समजुतीत. मोरोपंतांच्या आर्या बारामतीत लिहिल्या गेल्या, त्याला अडीचशे वर्षे होत आली. त्या आपल्यापर्यंत आल्या, कारण लोकांनी नकला करून घेतल्या, पोथ्या रुमालात बांधून देवघरात ठेवल्या. पोथीला आपण हात जोडतो. कॅसेटीला आपण अडगळ म्हणतो. आपल्या घरातल्या लग्नाच्या टेपेत गेलेली आजी जात्यावर बसून ओवी म्हणत असेल, तरीही अडगळच.

उजनीचेच बघा. १९८० मध्ये धरण पुरे झाले, भीमेकाठची गावे यशवंतसागराच्या पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि पुण्याहून मोटारींची रांग लागते. भिगवणला फ्लेमिंगो आले की हातभर लांब लेन्सा घेऊन लोक होडीत बसतात. प्रत्येक पंखाचे चित्रण होते. पण बुडण्याआधीची गावे, त्यांचा शेवटचा बाजार, शेवटची जत्रा, घरांच्या तुळया काढून बैलगाडीत घालणारी माणसे, याचे चालते-बोलते चित्र कुणापाशी आहे? कुठल्या कार्यालयात, कुठल्या कंत्राटदाराच्या, कुठल्या माहितीपटवाल्याच्या डब्यात असेल, तर ते धरणग्रस्तांच्या मुलांना दाखवा. त्यांना मोबदल्याच्या कागदाशिवाय आपल्या गावचे काहीतरी पाहू द्या.

पोरांच्या खेळांबद्दल तर कुणी चकार शब्द काढत नाही. टीव्हीला जोडायचे कॅसेटचे खेळ, एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये नाणे टाकून खेळायचे खेळ, पुढे साध्या मोबाइलवरचे. १९९९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या इंडियागेम्सने त्या काळात मोबाइलसाठी ढिगाने खेळ केले. कंपनी विकली गेली, पुढे डिस्नेकडे गेली, फोन बदलले आणि खेळ गेले. अमेरिकेत २०२३ च्या एका पाहणीत जुने ८७ टक्के खेळ बाजारात मिळत नसल्याचे दिसले. तिथे निदान कुणी मोजले.

डिजिटल झाले की सुटलो, असे मानणाऱ्यांनाही एक धक्का देऊ. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या शेवटच्या कंपनीने, फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये इशारा दिला होता की २०२५ पर्यंत ज्या चुंबकीय टेपा उतरवून घेतल्या जाणार नाहीत, त्यांतल्या बहुतेक कायमच्या गेल्या असे समजा, कारण यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही संपत आले आहेत. ते साल उलटून गेले. आजचा सिनेमा तर हार्ड डिस्कवर कुलूप लावून थिएटरला येतो. त्या कुलपाची किल्ली ठरावीक दिवसच चालते. उद्या कंपनी बुडाली, किल्ली हरवली, तर आजचा नवा मराठी चित्रपट 'सावकारी पाश'पेक्षा लवकर नाहीसा होईल. फिल्म जळताना निदान धूर तरी निघतो!

"आधी पोटापाण्याचे बघा, मग सिनेमाचे," असे कुणीतरी म्हणणारच. म्हणणाराचे पोट भरलेलेच असते, हा आमचा अनुभव. त्याने गुजरातकडे पाहावे. १९७६ मध्ये श्याम बेनेगलांचा 'मंथन' निघाला तो ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिल्यामुळे. गायीच्या धारेतून सिनेमा उभा राहिला. जवळजवळ ५० वर्षांनी त्याची निगेटिव्ह खराब झाली होती. तेव्हा फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो पुन्हा उभा केला आणि पैसा दिला तो गुजरातच्याच दूध सहकारी महासंघाने. २०२४ मध्ये तो कानला दाखवला गेला. गवळ्यांनी आपला सिनेमा काढलाही आणि जपलाही.

आता आमचा सवाल साखरेच्या सहकाराला. बारामती तालुक्यात सोमेश्वर आणि माळेगाव, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. सहकाराची ही बलस्थाने. त्यांच्या गळीत हंगामाचे शुभारंभ, बॉयलर अग्निप्रदीपन, पोत्यांचे पूजन, सगळ्याचे व्हिडिओ दरवर्षी झाले. ते कुठे आहेत? एका कारखान्याने तरी आपला सलग चित्रसंग्रह तयार केला का? सभासदांच्या उसाच्या बिलातून टनामागे कितीतरी निधींसाठी कपाती होतात. सभासद कुरकुरतो आणि सोसतो. टनामागे एक रुपया, फक्त एक हंगाम, या कामासाठी कापा. पाच कारखान्यांच्या एका हंगामाच्या गाळपात एक वातानुकूलित खोली, चार चालू यंत्रे आणि दोन शिकलेली माणसे सहज बसतात. बारामतीत ऊस कधी पाण्यावर आला हे आज कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते. ऑक्सफर्ड आणि मायक्रोसॉफ्टची नावे अभिमानाने घेतली जातात. उपग्रहावरून उसाची तहान ओळखणाऱ्या गावाला माळ्यावरच्या टेपेवरची बुरशी दिसत नाही?

राज्य सरकारकडे आमचे मागणे याहून सोपे आहे. पुस्तक छापले की त्याची प्रत ग्रंथालयांना द्यावी लागते, असा १९५४ चा केंद्राचा कायदा आहे. चित्रपटाला असा कायदा नाही. मराठी चित्रपटांना दरवर्षी लाखोंचे अनुदान वाटले जाते. ते हातात पडण्याआधी कुलूप नसलेली एक प्रत सरकारी संग्रहात जमा झालीच पाहिजे, अशी अट घाला आणि ती पाळली जाते की नाही हे दरवर्षी यादी छापून सांगा. यासाठी समिती नको, परिषद नको, परदेश दौरा तर मुळीच नको. एका पानाचा शासन निर्णय पुरे.

बाकीचे काम आपले. येत्या पावसाळ्याआधी माळे उघडा. कॅसेटी, रिळे, पत्र्याच्या पेट्या सावलीत ठेवा, कॅसेटी उभ्या आणि रिळांचे डबे आडवे. बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालू नका, ती बाकीच्यांनाही लागते. डब्यातून आंबट, शिरक्यासारखा वास आला तर तो फिल्म कुजण्याचा वास आहे. तो डबा वेगळा काढा. अक्षर वाचता येते तोवर वर साल आणि गाव लिहा. भंगारवाल्याला नाही म्हणा.

आणि सप्टेंबरात कारखान्यांच्या वार्षिक सभा भरतील. विषयपत्रिकेच्या शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असे एक कलम असते. त्या कलमाखाली सभासदांनी उभे राहावे आणि टनामागे एक रुपयाचा ठराव मांडावा. मंजूर, मंजूर, असा घोष करून सभा गुंडाळू पाहतील. माइक बंद करतील. तरी बसू नका. कोणत्या संचालक मंडळाने काय उत्तर दिले ते आम्ही याच जागेवर नावानिशी छापू. ज्यांनी उत्तर दिले नाही, त्यांचीही नावे छापू, आणि ती ठळक टाइपात.